जात्यावरची ओवी आणि मार्केटची पट्टी



आज वाशीच्या मार्केटबद्दल बोलू या. पूर्ण नाव एपीएमसी मार्केट, पण आपल्याकडे नुसतं 'मार्केट' म्हटलं तरी पुरतं. आपल्या प्रत्येकीच्या घरातलं कोणी ना कोणी त्याच्याशी बांधलेलं आहे. कोणाचा भाऊ तिथे माथाडी आहे, कोणाचे मालक टेम्पोवर आहेत, कोणाच्या रानातलं आलं किंवा घेवडा तिथल्या गाळ्यावर उतरतो. पण आज मी बाजारभाव सांगायला बसलेली नाही. शाळा न बघितलेली, किंवा चौथीत सोडलेली माणसं मोठेपणी कशी शिकली, याचा एक इतिहास या मार्केटच्या मागे आहे. तो मला सांगायचा आहे.

आपण म्हणतो, अनुभव हाच गुरू. मला ते अर्धंच खरं वाटतं. वीस वर्षं ओझं वाहिलं की पाठ दुखायला लागते, त्यातून शहाणपण येईलच असं नाही. तीस वर्षं सावकाराचं व्याज भरणारी बाई तेच व्याज एकतिसाव्या वर्षीही भरत असते. अनुभवाचं शिक्षण व्हायला तीन गोष्टी लागतात. तो अनुभव बोलून, गाऊन, काढून किंवा करून दाखवावा लागतो. मग चार जणींनी थांबून त्याला प्रश्न विचारावे लागतात. आणि मग काहीतरी बदलून बघावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी शिकणं अर्धवट राहतं. आपल्याकडच्या लोकांनी हे कसं केलं, कुठे जमलं, कुठे राहून गेलं, ते क्रमाने पाहू.

जातं

आपल्या आज्या पहाटे उठून दळायला बसायच्या. दोघी समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. त्या ओव्यांत सासर आलं, माहेर आलं, भाऊ आला, पाऊस आला, पंढरीचा विठोबा आला, रामाने टाकलेली सीता आली, आणि पुढे बाबासाहेबही आले. दिवसभर जे बोलायची सोय नव्हती, ते जात्यापाशी बोलता यायचं. ऐकणारी समोरची बाई, आणि तिचंही दुखणं बहुधा तेच.

ओवीने दोन मोठी कामं केली. मनातल्या गोष्टीला शब्द दिले, आणि एकीची गोष्ट दुसरीचीही आहे हे दोघींना कळू दिलं. सीतेची ओवी गाणारी बाई सीतेबद्दल बोलत होती आणि स्वतःबद्दलही बोलत होती. पण पीठ झालं की दोघी उठायच्या. चूल वाट बघत असायची. हे असं का आहे, आणि याचं काय करायचं, हे विचारायला जात्यापाशी वेळ नव्हता.

मग गावात पिठाची गिरणी आली. हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. त्या कष्टांसाठी हळहळायचं काही कारण नाही. पण त्याबरोबर दोघींनी रोज समोरासमोर बसायची जागाही गेली. ती जागा पुन्हा कुठे मिळाली, हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण परत येऊ.

१८५५ ची रात्रशाळा

आता पुण्याला जाऊ. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. त्यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळाही सुरू केली, हे तितकं सांगितलं जात नाही. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं रात्री तिथे शिकायला यायची. आज ज्याला आपण प्रौढ शिक्षण म्हणतो, त्याची महाराष्ट्रातली ही जुनी सुरुवात.

त्याच वर्षी जोतीरावांनी एक नाटक लिहिलं, 'तृतीय रत्न'. गोष्ट साधी आहे. कुणब्याची बायको गरोदर आहे. एक जोशी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि उपाय म्हणून पैसे आणि जेवणावळ उकळतो. नवरा-बायको कर्ज काढतात. यात विदूषक नावाचं एक पात्र आहे. तो मध्ये मध्ये गोष्ट थांबवतो आणि बघणाऱ्यांना दाखवून देतो की बघा, इथे काय चाललंय. शेवटी त्या नवरा-बायकोच्या लक्षात येतं की आपण फसलो ते शिक्षण नव्हतं म्हणून, आणि दोघं फुल्यांच्या शाळेत जायचं ठरवतात.

गावोगाव घडणारा अनुभव जोतीरावांनी रंगमंचासाठी लिहिला. विदूषकाकडून त्यावर प्रश्न विचारून घेतले. आणि शेवटी पुढचं पाऊल दाखवलं. मघाशी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी या एका नाटकात आहेत. त्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं, पण तिथे ते नाकारलं गेलं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यापर्यंत ते पोचायला फार वर्षं लागली.

त्याच १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' मध्ये छापला गेला. तिच्या समाजातल्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-वाऱ्यात त्यांचे हाल होतात, असं तिने लिहिलं. पुस्तकातलं पाठांतर तिने केलं नाही. जे पाहिलं, सोसलं, ते लिहिलं आणि त्याचा जाब विचारला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मुलीने हे केलं, मैत्रिणींनो.

गावाकडे राहिलेल्या बाया

पुढे मुंबई वाढली आणि आपल्या डोंगरी तालुक्यांतली माणसं पोटासाठी तिकडे गेली. पाटण, जावळी, वाई, इकडे जुन्नर, आंबेगाव. गडी मुंबईला, बाई गावाला. मनीऑर्डर यायची, तिच्याबरोबरची चार ओळींची खुशाली शेजारच्या शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायची आणि उत्तरही त्यालाच सांगायचं. आता बारा वर्षांच्या पोराला बाई मनातलं किती सांगणार?

याच काळात वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईला आले. शाळेत ते फारसे गेलेच नाहीत. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती बघत बघत ते वाचायला शिकले, असं सांगतात. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक सुरू केलं. कामगार वस्त्यांत लोकनाट्यं, पोवाडे, लावण्या घेऊन ते फिरले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी लिहिलेली 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड तुम्ही ऐकली असेल. ती गावाकडे राहिलेल्या बायकोबद्दल आहे. मुंबईतल्या प्रत्येक कामगाराला ती आपलीच वाटली, कारण ताटातूट प्रत्येकाने भोगलेली होती. पुढे त्याच ताटातुटीवरून अण्णा भाऊ सांगतात की बेळगाव-कारवारचा मराठी मुलूखही असाच महाराष्ट्रापासून तुटला आहे. घरातलं दुःख हातात धरून त्यांनी राज्याचा प्रश्न समजावला. ज्याला नकाशा वाचता येत नव्हता, त्यालाही तो कळला.

डोक्यावरचं ओझं आणि कायदा

आता मार्केटकडे वळू. आजचं मार्केट वाशीला लागून तुर्भ्यात आहे, पण ते पहिल्यापासून तिथे नव्हतं. धान्य, मसाला, कांदा-बटाटा मुंबईत मशीद बंदर भागात उतरायचा. भाजी आणि फळं भायखळ्याला आणि क्रॉफर्ड मार्केटला. १९७७ साली मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली आणि एकेक बाजार नवी मुंबईत हलला. आधी कांदा-बटाटा आला, मग मसाला आणि धान्य, आणि १९९६ साली भाजीपाला आणि फळं. असे पाच बाजार झाले. धान्य बाजाराला लोक अजून जुन्या नावाने दाणाबंदर म्हणतात.

या सगळ्या मालाला हात लागतो तो माथाडीचा. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. पूर्वी त्याचा मोठा पेच असा होता की त्याला एक मालक नव्हता. सकाळी या गाळ्यावर पोती उतरवायची, दुपारी त्या गाळ्यावर थप्पी लावायची. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही. मग पोतं अंगावर पडून हाड मोडलं तर औषधपाणी कोण करणार? म्हातारपणी काय? कारखान्यातल्या कामगारासाठी जे नियम होते, त्यात हा माणूस बसतच नव्हता.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी स्वतः हमाली केली होती, म्हणून त्यांना हा पेच आतून माहीत होता. त्यांनी माथाडींना संघटित केलं, मोर्चे निघाले, संप झाले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्याची रचना नीट बघा. माथाडींच्या टोळ्यांची मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरलेली लेव्हीही भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, दवाखाना अशा सोयी करायच्या. एक मालक नाही, हीच अडचण होती ना? मग अनेक मालकांच्या वतीने एक मंडळ उभं केलं. हा तोडगा निघाला तो माथाडीचं रोजचं काम कसं चालतं, हे पोत्यापासून पगारापर्यंत नीट सांगितलं गेलं म्हणून.

या इतिहासात भाषणं पुरुषांची आहेत, नावंही पुरुषांची आहेत. पण धान्याच्या बाजारात सांडलेलं धान्य गोळा करणाऱ्या, पाखडणाऱ्या, निवडणाऱ्या बायाही होत्या आणि आहेत. आणि गावाकडे त्याच पैशात घर चालवणाऱ्या बाया होत्या. त्यांचं म्हणणं कुठे नोंदलं गेलं? फार थोड्या ठिकाणी.

अक्षर आलं, पुढे काय?

माथाडी मुंबईत संघटित होत होते, त्याच सुमारास आपल्या सातारा जिल्ह्यात एक मोठं काम सुरू झालं. १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम निघाली. अख्खं गाव साक्षर करायचं. रात्री कंदील लावून वर्ग भरायचे, गावातला शिकलेला माणूस न शिकलेल्याला शिकवायचा. गाव पूर्ण साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. सासू आणि सून एका पाटीवर बसलेल्या गावाने पाहिल्या. पुढे ही मोहीम राज्यभर गेली.

ही मोहीम मोठीच होती. पण शिकलेली अक्षरं रोजच्या कामात लागली नाहीत तर ती पुसट होतात, हेही त्यातून कळलं. सही येते, पण कागदावर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं लागतं, अशा बाया आपल्या गटांत आजही आहेत. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अक्षरओळखीला दोन गोष्टी जोडल्या गेल्या: कामाला उपयोगी पडणारं कौशल्य, आणि आपल्या परिस्थितीचं भान.

हा विचार जगभर चालला होता. ब्राझील देशात पाउलो फ्रेरी नावाचे शिक्षक होते. १९६३ साली अँजिकोस नावाच्या गावात त्यांच्या पद्धतीने सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना थोड्याच दिवसांत लिहावाचायला शिकवलं गेलं. फ्रेरी ग म भ न पासून सुरुवात करत नसत. लोकांच्या कामातला शब्द घ्यायचा, समजा 'वीट'. आधी वीट उचलणाऱ्या माणसांचं चित्र दाखवायचं. वीट कोण पाडतो, घर कोणाचं होतं, पाडणाऱ्याचं स्वतःचं घर कसं आहे, यावर बोलणं व्हायचं. मग तो शब्द लिहायचा. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराची राजवट आली आणि फ्रेरींना तुरुंगात टाकून नंतर देशाबाहेर जावं लागलं. चित्र दाखवून प्रश्न विचारणाऱ्या मास्तरला सरकार इतकं घाबरलं.

पुन्हा ओवीकडे

जातं थांबलं तेव्हा दोघींची बसायची जागा गेली, असं मघाशी म्हटलं. ती जागा वेगळ्या रूपात परत आणायचा एक प्रयत्न आपल्या सह्याद्रीतच झाला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन राहिलेले गी पॉयत्वाँ, हे दोघं मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करत होते. १९८० च्या दशकात त्यांनी गावोगावच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. या कामात गावातल्या कार्यकर्त्या बायाच पुढे होत्या. त्याच गावोगाव फिरल्या, ओव्या ऐकल्या, उतरवून घेतल्या, आणि एकत्र बसून त्यांच्या अर्थावर बोलल्या.

हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ पासून पारीने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने, या ओव्या गाणाऱ्या बायांच्या नावानिशी लोकांसमोर आणल्या. पण संख्येपेक्षा मला त्या एकत्र बसण्याचं मोल जास्त वाटतं. जात्यावर गाताना जी बाई 'माझं नशीब' म्हणायची, ती दहा गावांच्या ओव्या एकत्र ऐकते तेव्हा तिला दिसतं की सगळीकडे तेच आहे. इतक्या जणींचं नशीब एकसारखं कसं असेल? मग ते नशीब नाही, रीत आहे. आणि रीत माणसांनी केलेली असते. जात्यापाशी जो प्रश्न विचारायला वेळ नव्हता, तो इथे विचारता आला.

असंच एक काम पुणे शहरात झालं. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचं काम कचरा वेचणाऱ्या मुलांत आणि बायांत सुरू झालं. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने त्यात होत्या. शिकवायला गेलेल्या या ताई स्वतः बायांबरोबर कचरा वेचायला फिरल्या. तेव्हा त्यांना कळलं की नुसत्या पाटी-पेन्सिलीने भागणार नाही. उकिरड्यात हात घालण्यापेक्षा घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला, तर बाईचा वेळही वाचतो आणि कमाईही वाढते. हे शहाणपण पुस्तकात नव्हतं, ते वेचणाऱ्या बायांच्या रोजच्या दिवसात होतं. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांचा मोठा मेळावा झाला. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, आणि २००८ साली कचरावेचक बायांची स्वच्छ ही सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेबरोबर काम करायला लागली. शिकवणारी शिकली आणि शिकणारी बोलायला लागली.

पट्टीवर नाव कोणाचं?

आता आपल्या गटांचं बोलू. आपली पंचसूत्री तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबलेखन. पण पुष्कळ बैठका पंधरा मिनिटांत संपतात. पैसे गोळा झाले, सह्या झाल्या, चहा झाला, निघालो. बचत वाढते, पण शिकणं वाढतं का?

आमच्या एका गटात आम्ही मार्केटच्या पट्टीवर बैठक घेतली. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून येणारी हिशेबाची चिठ्ठी. सात जणींच्या घरी आलं होतं. प्रत्येकीने घरातल्या तीन-चार पट्ट्या आणल्या. वाचता न येणाऱ्या दोघी होत्या, म्हणून आम्ही जमिनीवर खडूने चित्रं काढली: पोतं, काटा, डोक्यावर ओझं घेतलेला माणूस, टेम्पो. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती, ते त्या त्या चित्रावर खडे ठेवून मोजलं. भाजी-फळांची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम राज्यात २०१६ पासून आहे. तोही तिथेच समजून घेतला.

मग आम्ही सोंग केलं. नाथांच्या भारुडात जोशी येतो, वासुदेव येतो, तसं. एक जण शेतकरी झाली, एक टेम्पोवाला, एक माथाडी, एक आडत्या, एक खरेदीदार. हसून हसून पोट दुखलं. पण आडत्या झालेल्या ताईंनी पोत्यात हात घातल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "वर मोठा गड्डा, खाली बारीक. मी लहानाचाच भाव लावणार." सगळ्या एकदम गप्प झाल्या. घरी आपण तसंच भरतो, हे प्रत्येकीला माहीत होतं. चित्रावरचे खडे मोजले तेव्हा दुसरी गोष्ट दिसली: प्रत्येक घर थोडा थोडा माल वेगवेगळ्या दिवशी पाठवतं, म्हणून गाडीभाड्याचे खडे सगळ्यात जास्त. त्या हंगामात सात घरांनी ठरवून एकाच दिवशी माल काढला, गड्डे वेगळे केले आणि एकच टेम्पो केला. भाड्याचे खडे कमी झाले.

उठता उठता एक आजी म्हणाल्या, "समद्या पट्ट्या बघितल्या. माझं नाव कुठंय?"

बेणं लावलं बायांनी, खुरपलं बायांनी, काढलं, धुतलं, निवडलं बायांनी. एकाही पट्टीवर बाईचं नाव नव्हतं. कारण सातबाऱ्यावरही नव्हतं. हा प्रश्न जुना आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, लाखाहून जास्त बाया आल्या होत्या. त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती हा कार्यक्रम काढला, आणि अनेक गावांत पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. म्हणजे हे होऊ शकतं, झालेलं आहे. आजींच्या त्या प्रश्नानंतर दोन घरांनी घरच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचा अर्ज तलाठ्याकडे दिला. पाच घरांत अजून बोलणंच चालू आहे. जेवढं झालं तेवढं सांगते.

पुढच्या बैठकीत

तुम्हाला हे करायचं असेल तर बचत गोळा झाल्यावर अर्धा तास काढा. एकच वस्तू मध्ये ठेवा: पट्टी, पासबुक, औषधाची चिठ्ठी, कर्जाचं कार्ड, नाहीतर आजीची एखादी ओवी. त्यावर गाणं म्हणा, चित्र काढा, सोंग करा, जे जमेल ते. मग चार प्रश्न क्रमाने विचारा. इथे काय झालं? असं आपल्यात अजून कोणाकोणाचं झालं? का होतं? आपण काय बदलून बघू या? आणि पुढच्या महिन्यात पाचवा प्रश्न विसरू नका: बदललं त्याचं काय झालं?

तीन पथ्यं पाळा. कोणाला बोलायला भाग पाडू नका; जिला गप्प बसायचं आहे तिला बसू द्या. बैठकीत निघालेली घरची गोष्ट पाणवठ्यावर नेऊ नका. आणि एखादी रडली तर तिला धीर द्या, पण तिथेच थांबू नका. 'का होतं' या प्रश्नापर्यंत जा, नाहीतर आपण जात्यापाशीच राहू.

आपल्या आज्यांनी लाख ओव्या रचल्या. माथाड्यांनी ओझ्याचा कायदा करून घेतला. कचरा वेचणाऱ्या बायांनी शहराला कचरा वेगळा करायला लावला. यातले बहुतेक जण फार शिकलेले नव्हते. आपल्या गटाच्या वहीत आज बचतीचा आकडा लिहिला जातो. त्याच्या खाली दर महिन्याला एक ओळ वाढवा: या महिन्यात आपण काय शिकलो. जिला लिहिता येतं तिने लिहा, बाकीच्यांनी सांगा. वर्षाच्या शेवटी बारा ओळी होतील. त्या घेऊन रेडिओवर या, आपण सगळ्या मिळून ऐकू.